उपासाची वाटी

अडतीस वर्षं मी भांडी केली आणि त्यातलं एकही भांडं कुणी खाल्लं नाही. त्यानंतरच्या सात वर्षांत मी केलेली भांडी माणसांनी खाल्ली, मुंग्यांनी खाल्ली, आणि एकदा माल पोचवायला निघालेल्या टेम्पोवाल्याने भूक लागली म्हणून वाटेत दोन खाल्ली. या सात वर्षांबद्दल लिहा असं या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या तेव्हा मी लगेच हो म्हटलं. घरी हा विषय काढला की बायको उठून स्वयंपाकघरात जाते, त्यामुळे ऐकणारं कुणीतरी हवंच होतं.

माझा धंदा डायमेकरचा. डाय म्हणजे साचा, पण पोलादाचा आणि दोन भागांचा. दोन्ही भाग एकमेकांवर बसले की मधे जी पोकळी उरते, तिचा आकार म्हणजे तुमच्या घरातला मग किंवा पोळ्यांचा डबा. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी प्लॅस्टिकच्या भांड्यांच्या डाय करायचो. केसाइतकी चूक झाली तर झाकण बसत नाही, म्हणून माणूस आपोआप चिकित्सक होतो. मी केलेल्या प्रत्येक डायच्या तळाशी माझी खूण म्हणून तीन बारीक ठिपके असायचे. मालकाला ते ठाऊक होते, तो काही बोलायचा नाही.

एकदा मुलुंडच्या खाडीकडे फिरायला गेलो होतो. चिखलात एक निळा मग उलटा पडलेला दिसला. काठीने उचकटून पाहिला तर तळाशी तीन ठिपके. वीस-बावीस वर्षं जुना असणार, पण रंगसुद्धा धड उडाला नव्हता. आधी मला अभिमानच वाटला, खोटं का बोलू. घरी येईपर्यंत मात्र वाईट वाटायला लागलं, कारण असे किती मग मी जन्माला घातलेत याचा हिशेब मनात सुरू झाला आणि तो कुठे थांबेना.

पुढे कारखाना मुंबईबाहेर गेला. मी गेलो नाही. एकोणसाठ वर्षांचा होतो, घाटकोपरला घर, आता आराम करायचा असं ठरवलं होतं. तो आराम अडीच महिने टिकला. जुन्या वसाहतीतल्या एका ओळखीच्या माणसाने फोन करून सांगितलं की इथे एका मुलीने गाळा घेतलाय, तिला वाटीची डाय हवी आहे आणि कुणी करून देत नाही.

ती मुलगी म्हणजे शर्वरी. अन्नतंत्रज्ञान शिकलेली, वय तिशीच्या आत-बाहेर, बोलणं सुसाट. तिने माझ्या हातात एक तपकिरी, वेडीवाकडी वाटी ठेवली. घरातल्या दोन स्टीलच्या वाट्यांमध्ये पीठ दाबून ओव्हनमध्ये भाजलेली.

“काका, याची डाय हवी.”

“कसला माल ओतायचाय?”

“ओतायचा नाही, दाबायचा. भाताचा कोंडा, नाचणीचं पीठ आणि चिकटपणाला चिंचोक्याची पूड.”

“हे गुरांचं खाणं आहे की भांडं?”

“दोन्ही,” ती म्हणाली. “आमटी पिऊन झाली की वाटी खायची. नाही खाल्ली तर कुंडीत टाकायची. करताय ना?”

कोंडा कर्जतकडच्या भातगिरणीतून यायचा, नाचणी कोकणातून, आणि चिंचोके चिंच फोडणाऱ्या बायकांकडून. चिंचोक्याची खळ मला माहीत होती, पूर्वी भिंतीवर पोस्टरं तिनेच डकवायचे. ती भांड्याला धरून ठेवेल हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. महिनाभराचं काम म्हणून मी हो म्हटलं.

डाय झाली, तापवली, मशीनवर चढवली. मशीन चालवायला संगीता होती, भांडुपची, आधी बिस्किटाच्या भट्टीवर काम केलेली. तिने पिठाचा गोळा ठेवला, प्रेस खाली आली, आणि दीड मिनिटाने असा आवाज झाला की शेजारच्या गाळ्यातली माणसं धावत आली. कोंडा छताला लागला होता. संगीता केसांतला कोंडा झटकत शांतपणे म्हणाली, “काका, भाकरी फुगली.”

तिच्या त्या वाक्यात माझं सगळं शिक्षण झालं. प्लॅस्टिकमध्ये पाणी नसतं, पिठात असतं. तापलं की त्याची वाफ होते, आणि मी डाय इतकी चोख केली होती की वाफेला जायला वाटच नव्हती. आयुष्यभर फट राहू नये म्हणून झटलो आणि आता मुद्दाम फट ठेवायची होती. बारीक कानस घेतली आणि वाटीच्या काठावर केसासारखे आठ चर पाडले. पुढची वाटी अख्खी निघाली. गरम, खमंग, कडा धारदार. तशी वाटी मी आयुष्यात पाहिली नव्हती. मेट्रोत घाटकोपरपर्यंत ती हातात धरून उभा होतो, पिशवीत ठेववेना.

घरी बायकोने तिच्यात कढत आमटी ओतली. मी घड्याळ लावून समोर बसलो. बायको मालवणची, चाळीस वर्षं मुंबईत राहूनही चिडली की गावची भाषा येते. “आता काय ह्या वाटीकडे बघीत बसाचा?” ती म्हणाली. पस्तीस मिनिटं वाटी टिकली. मग आम्ही ती मोडून खाल्ली. बायको म्हणाली बरी आहे, जरा खुसखुशीत हवी. महिनाभराचं काम तिथेच संपलं आणि सात वर्षांचं सुरू झालं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. घाटकोपरच्या एका केटररने शंभर वाट्या नेल्या आणि दुसऱ्या दिवशी फोन केला, तुमचा माल मुंग्या घेऊन गेल्या. गोदामात जमिनीवर ठेवल्या होत्या. प्लॅस्टिकच्या मगाला कधी मुंगी लागली नव्हती, त्यामुळे हे सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मुलुंडच्या एक निवृत्त शिक्षिका गाळ्यावर तक्रार घेऊन आल्या. वाटी धुतली तर विरघळली.

“धुतली कशाला?” शर्वरीने विचारलं.

“अगं, एवढी छान वाटी एकदाच वापरून टाकायची? आमच्याकडे आईस्क्रीमचे डबेसुद्धा टाकत नाहीत.”

आम्ही त्यांना सहा वाट्या फुकट दिल्या आणि धुऊ नका असं तीनदा सांगितलं. त्या जाताना विचारत होत्या की नुसत्या ओल्या फडक्याने पुसल्या तर चालेल का.

पण ज्या एका गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती पार्ल्याच्या देवळाची. तिथे महाशिवरात्रीला साबुदाण्याच्या खिचडीचा प्रसाद असतो. इतकी वर्षं तो आतून प्लॅस्टिक लावलेल्या कागदी द्रोणांतून वाटत. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळामागे त्या द्रोणांचा ढीग आणि त्यात तोंड घालणारी गुरं. प्रसादाची व्यवस्था बघणाऱ्या कुमुदताई, सत्तरी ओलांडलेल्या, पोस्टातून निवृत्त, त्या ढिगाला कंटाळल्या होत्या. कमिटीत दोन वर्षं भांडून त्यांनी आमच्या वाट्या मंजूर करून घेतल्या. कमिटीने अट घातली: हा एकच प्रयोग. फसला तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. द्रोणांचं खोकं कोठीत तयार ठेवलं होतं, आदल्या संध्याकाळपर्यंत वाट्या आल्या नाहीत तर ते उघडायचं.

बाराशे वाट्या. तोपर्यंतची आमची सगळ्यात मोठी ऑर्डर. आम्ही जीव तोडून काम केलं. बायकोने खास साबुदाण्याची खिचडी करून वाटीत घालून पाहिली, चाळीस मिनिटं वाटी जशीच्या तशी. बाराशे वाट्या शिवरात्रीच्या सहा दिवस आधी खोक्यांत भरून तयार. प्रत्येक खोक्यावर शर्वरीने छापून घेतलेली पट्टी: खिचडी खा, वाटीही खा.

पाच दिवस उरले असताना कुमुदताई माल बघायला आल्या. सुती साडी, खांद्याला पर्स, चष्मा दोरीत. एक वाटी हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिली, वास घेतला, खूश झाल्या. मग पट्टी वाचली.

“शर्वरी, ही वाटी नेमकी कशाची गं?”

“भाताचा कोंडा, नाचणी आणि चिकटपणाला चिंचोका, ताई. एकदम नॅचरल.”

कुमुदताईंनी वाटी हळूच खोक्यात परत ठेवली. “अगं, पण उपास आहे ना.”

शर्वरीच्या घरी उपास, माझ्या घरी उपास, संगीता तर सोमवारही करते. खिचडी घालून तपासली, घड्याळ लावलं, आणि शिवरात्रीला भात आणि नाचणी चालत नाही हे माझी बायको धरून चौघांपैकी एकालाही सुचलं नाही. माझ्या डोक्यात भांडं वेगळं आणि खाणं वेगळं. भांड्याला कसला आलाय उपास? पण आम्ही भांड्याचं खाणं केलं होतं आणि वर छापून सांगितलं होतं.

“ताई, लोकांना सांगू की वाटी खाऊ नका,” शर्वरी म्हणाली.

“खिचडी गरम, तूप सुटलेलं. वाटीला लागलेलं माणूस खरवडून खाणारच. आणि कुणाचा उपास मोडला तर तो माझ्यामुळे मोडला असं मी आयुष्यभर धरून बसेन.” त्या खुर्चीवर बसल्या. “चिंचोका आहे म्हणालीस ना? आमच्याकडे चिंचही चालत नाही उपासाला.”

म्हणजे तीनही वस्तू बाद. शर्वरी माझ्याकडे बघून म्हणाली, “काका, वाट लागली.”

कुमुदताई रडल्या नाहीत, पण पर्सचा बंद सारखा उघडत-मिटत होत्या. मला म्हणाल्या, “मी शब्द दिलाय हो, सावंत. ते खोकं उघडलं की झालं, पुन्हा मला कुणी विचारणार नाही.” मग त्याच म्हणाल्या, “उपासाची करता येईल का वाटी?”

मी हिशेब मांडला. डाय चार वाट्यांची, दिवसाला सहाशेच्या आसपास निघतात. म्हणजे बाराशेला दोन दिवस. हातात उरतात तीन. “करू,” मी म्हणालो. कशाची करू हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ते तीन दिवस मी जन्मात विसरणार नाही. सकाळी उठायचो तो पळतच. पहिली कसरत म्हणजे उपासाला काय चालतं ते ठरवणं. संगीताकडे कोथिंबीर चालत नाही, माझ्याकडे चालते, शर्वरीच्या आजीकडे जिरंसुद्धा नाही. शेवटी कुमुदताईंचा शब्द प्रमाण मानला आणि भिंतीवर यादी लावली: साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळं, बटाटा, शेंगदाणा.

साबुदाण्याचं पीठ डायला असं चिकटलं की ते काढायला मला पितळी पट्टी घेऊन तासभर बसावं लागलं. राजगिऱ्याची वाटी देखणी निघाली आणि हातात घेताच भुगा झाली. शिंगाडा कौलासारखा कडक, पण गरम खिचडी पडली की तडकायचा. वरीचं पीठ सगळ्यात शहाणं, आकार धरायचं, फक्त त्याला एकत्र बांधून ठेवणारं काहीतरी हवं होतं. चिंचोक्याची जागा कोण घेणार? रताळं घालून पाहिलं तर त्यातली साखर जळून वाट्या काळ्या. बटाट्याने वाट्या मऊ पडल्या. दर वेळी आम्हाला वाटायचं आता जमलं, आणि दर वेळी प्रेस उघडल्यावर तोंड पाडायचो. संगीता फसलेल्या वाट्या चहाबरोबर खात होती. शिंगाड्याच्या तेवढ्या बऱ्या आहेत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात हलवत घरी गेलो. बायकोने बाजारातून कवठं आणली होती. शिवरात्र जवळ आली की आमच्याकडे कवठाची चटणी होतेच, गर आणि गूळ कुस्करून. दुपारची रिकामी ताटली मोरीत पडली होती, कडेला चटणी वाळलेली. मी हात धुता धुता ती सहज नखाने काढायला गेलो तर निघेना. चमच्याने खरवडलं, तरी निघेना. गरम पाणी ओतलं तरी ताटलीला धरूनच.

“काय झाला? बाजूक ठेया ती ताटली, मी घासतंय,” बायको म्हणाली.

“हे किती वेळ वाळलंय?”

“दुपारपासून. कवठ असाच, सुकला की सोडूक तयार नाय.”

मी तिला म्हटलं उरलेली कवठं दे. ती म्हणाली उपासाला काय करू? मी म्हटलं उद्या पोतंभर आणू. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पिशवी दिली. त्या क्षणी माझं वय एकोणीस होतं, दुसरं काही सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यावर डायची हातोडी घेऊन कवठं फोडली. तीन भाग वरी, एक भाग शिंगाडा आणि कवठाचा गर गाळून. गोळा मळतानाच संगीता म्हणाली, हा ऐकतोय. पहिल्या दाबाला वाटी फुटली, कारण कवठाचा रस जास्त, वाफ जास्त. मी डाय उतरवली, आठ चरांचे सोळा केले, कानशीने एकेक मोजून. आतून शेंगदाण्याच्या तेलाचा हात फिरवला. प्रेस पुन्हा खाली गेली. तीन मिनिटं आम्ही तिघं त्या मशीनसमोर हाताची घडी घालून उभे होतो.

चारच्या चार वाट्या अख्ख्या निघाल्या. तपकिरी, काठ जरा काळपट, वास भाजलेल्या भाकरीचा आणि आंबटगोड. कढत खिचडी घातली. दहा मिनिटं, वीस, पस्तीस. शर्वरीने मला मिठी मारली आणि माझा चष्मा पडला. मग कुमुदताईंना फोन लावला आणि वस्तू वाचून दाखवल्या.

“वरी चालते. शिंगाडा चालतो. दाण्याचं तेल चालतं,” त्या एकेक म्हणत होत्या. कवठ म्हटल्यावर जरा थांबल्या. “कवठ? अहो, ते तर शिवरात्रीचंच फळ.” आणि फोनवर त्या हसायला लागल्या, ते थांबेनात.

पुढचे दोन दिवस मशीन थंड झालं नाही. बायको आणि संगीताची बहीण बाजार पालथे घालून कवठं आणत होत्या, भाजीवाले विचारत होते घरी लग्न आहे का. कोंड्याच्या बाराशे वाट्या शर्वरीने घाटकोपरच्या केटररला दिल्या, फळीवर ठेवायच्या अटीवर. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी पाच वाजता आमचा टेम्पो देवळापाशी लागला. कमिटीचे चिटणीस कोठीच्या दारात किल्ली घेऊन उभे होते. त्यांनी खोकी मोजून घेतली आणि कोठी उघडायचं कारण उरलं नाही.

शिवरात्रीला मी सकाळीच जाऊन खांबाला टेकून उभा राहिलो. रांग लांब होती. कुमुदताई स्वतः वाढत होत्या आणि वाटी कशाची असं विचारणाऱ्या प्रत्येकाला पूर्ण यादी सांगत होत्या, त्यामुळे रांग आणखी लांबत होती. सुरुवातीला लोक खिचडी खाऊन वाटी हातात धरून इकडेतिकडे बघायचे. मग एका बँकेत जाणाऱ्या बाईंनी, गळ्यात ओळखपत्र, सरळ कडा मोडून तोंडात टाकली आणि मैत्रिणीला म्हणाल्या, “खाऊन बघ, कवठासारखं लागतंय यार.” त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही. सगळीकडे कुरकुर आवाज. मी हातावर चिमटा काढायचा तेवढा बाकी ठेवला होता.

दुपारी दोनच्या पुढे रांग संपली. चिटणीस येऊन कुमुदताईंना म्हणाले, ते द्रोणांचं खोकं दुकानात परत पाठवतो, विनाकारण जागा अडते. त्या नुसत्या बरं म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःसाठी उरलेली खिचडी घेतली आणि पायरीवर बसून, सकाळपासून पहिल्यांदा, खाल्ली. खिचडी संपल्यावर वाटी मोडली आणि तुकडा तुकडा करून सावकाश चावत राहिल्या. मी समोर जाऊन उभा राहिलो.

शेवटचा तुकडा गिळून त्यांनी पदराला हात पुसले.

“सावंत, छान झालीय. मीठ जरा कमी पडलंय.”

झाकण बसत नाही, कान तुटला, रंग उडाला, गळतं, या तक्रारी मी आयुष्यभर ऐकल्या. भांड्यात मीठ कमी आहे असं मला तोपर्यंत कुणीही म्हटलं नव्हतं. मला भलताच आनंद झाला. खिशातून पेन काढलं, कागद सापडला नाही, म्हणून तळहातावरच लिहून घेतलं: मीठ.